मॉक ड्रिलमध्ये मी गेलो!

मी वारल्याची बातमी इनामगावात पोचली, तेव्हा मी शिरूरला वडापाव खात होतो.

वडापाव चांगला होता. (चटणी जरा जहाल.) माझ्या डोक्याला रक्ताळलेलं बँडेज होतं, शर्टावर रक्ताचे ओघळ होते, आणि मी दुसरा वडापाव मागावा की नको या विचारात होतो. तिकडं गावात माझ्या नावानं हंबरडा फुटला होता.

झालं असं की, मी नगर रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कामाला आहे. गाड्यांचे पार्ट मशिनवरून उचलायचे, उजेडात धरून बघायचे आणि पुढं सरकवायचे, हे माझं काम. घरी मात्र मी त्याचं वर्णन "माझ्याशिवाय कंपनीत पान हलत नाही" असं करीत असे. याच जोरावर मी धाकट्या मेव्हणीच्या साखरपुड्याला दौंडला गेलो नाही. बायको, म्हणजे मनीषा, एकटी गेली. जाताना उंबऱ्यातून म्हणाली, "हलवत बसा पानं!" आणि साखरपुडा उरकला तरी ती काही परत आली नाही. फोन केला की उचलायची, "कामात हाय" म्हणायची आणि ठेवून द्यायची. मागून टीव्हीवरच्या मालिकेचा आवाज स्पष्ट यायचा!

अशातच एक दिवस आमच्या सेफ्टीच्या जोशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"संपतराव, हेड ऑफिसची माणसं येतायत. मॉक ड्रिल आहे. अपघात झालाय असं दाखवायचं, जखमी कामगाराला अँब्युलन्समधून थेट शिरूरच्या हॉस्पिटलला पोचवायचं. जखमी तुम्ही."

मला भरून आलं. एवढ्या मोठ्या कंपनीत एवढी माणसं असताना निवड माझी!

"साहेब, माझीच निवड कशी काय?"

"लाईन बंद ठेवता येत नाही हो. ज्याच्यावाचून कुणाचं अडणार नाही असाच माणूस हवा होता."

म्हणजे ज्याच्याशिवाय पान हलत नाही, त्याला कंपनीनं न हलण्याचं काम दिलं.

पण मी ते मनाला लावून घेतलं नाही, कारण मला अभिनयाची जुनी हौस. शाळेत गॅदरिंगला मी एकदा धारातीर्थी पडलेल्या मावळ्याचं काम केलं होतं. राजांचं भाषण ऐन रंगात आलं असताना मला शिंक आली. एक आली असती तर प्रेक्षकांनी सोसली असती. पण माझ्या शिंका जोडीनं येतात. राजांनी प्रसंगावधान राखून "वैद्यांना बोलवा, हा अजून जिवंत आहे!" असं म्हटलं आणि सगळं मैदान लोळून हसलं. गुरुजींनी नंतर माझं काय केलं ते इथं सांगण्यात अर्थ नाही. पण मेलेल्या माणसानं हलू नये, हा धडा मात्र मनावर कोरला गेला.

जोशी साहेबांनीही तेच बजावलं. "तुम्ही बेशुद्ध आहात. कुणी हाक मारली, चिमटा काढला, तरी डोळे उघडायचे नाहीत. वरची माणसं टिपून घेतायत."

"साहेब, तुम्ही काळजीच करू नका."

ड्रिलच्या दिवशी मला बँडेज बांधलं. साखरेच्या पाकात लाल रंग कालवून केलेलं रक्त माझ्या डोक्यावरून सढळ हातानं ओतलं. सायरन वाजला. मी पडलो. (पडताना असा काही "आई गं!" म्हणालो की हेड ऑफिसची एक बाई खरंच दचकली.) चौघांनी मला स्ट्रेचरवर घेतलं आणि पळत पळत गेटकडं निघाले. सगळं छान चाललं होतं.

आणि नेमका त्याच वेळी गेटवर बबनमामाचा टेम्पो उभा होता.

बबनमामा माझा सख्खा मामा. तळेगाव ढमढेऱ्याचा. आमच्या कॅन्टीनला भाजीपाला तोच पुरवतो. माणूस देवमाणूस, पण घाबरट. आणि आवाज असा की मेथीची जुडी हातात धरून बोलला तरी मोर्चा आल्यासारखं वाटतं.

"आरं! आरं, ह्यो आपला संपत की!" मामा ओरडला. "संप्या! काय झालं रं? संप्याऽऽ!"

मी आवाज ओळखला. पण डोळे कसे उघडणार? बाजूला हेड ऑफिसची माणसं टिपणं घेत उभी! मामाला कळावं तर खरं, की काही झालेलं नाही. म्हणून मी एक युक्ती केली. मामा वाकून बघत असताना मी फक्त त्याच्या बाजूचा एक डोळा किंचित उघडला, त्याला मिचकावला आणि मिटला.

आयुष्यात मी बऱ्याच युक्त्या केल्या आहेत. इतकी भिकार दुसरी नाही.

"डोळं फिरवलं!" मामानं बोंब ठोकली. "पोरानं डोळं फिरवलं वो!"

तोवर मला अँब्युलन्समध्ये सरकवून दार लावलं होतं. मामानं गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला धरलं. तो बिहारचा, नवा, आणि हुकमाचा पक्का.

"भाऊ, काय झालंय त्याला? मामा हाय मी त्येचा!"

"एक्सिडेंट हुआ है. सीरियस है."

"आरं, वाचंल का?"

"साहब ने बोला है, किसी को कुछ नहीं बताने का."

एवढं ऐकल्यावर मामाला दुसरं काय वाटणार? त्यानं भाजी तिथंच उतरवली, टेम्पो शिरूरकडं वळवला आणि चालवता चालवता आमच्या घरी फोन लावला. फोन घेतला शेजारच्या तात्यांनी, कारण वडील, म्हणजे आबा, उसाला पाणी द्यायला गेले होते आणि आईला फोनवरचं नीट ऐकू येत नाही. (तात्यांनाही येत नाही, पण त्यांचा तसा समज नाही.) आमच्या भागात नेटवर्क बैलगाडीसारखं, वळणावर हमखास अडकतं. मामा म्हणाला, "तात्या, संपतला मार लागलाय, शिरूरच्या दवाखान्यात गेला." तात्यांना ऐकू आलं ते एवढंच: "संपत… गेला."

"कवा?" तात्यांनी विचारलं.

"आत्ताच. माझ्या डोळ्यांदेखत."

खलास!

आमच्या गावात हजारो वर्षांपूर्वीची माणसं उकरून काढून त्यांचा कसून अभ्यास झालेला आहे. ती काय खायची, कशी राहायची, सगळं शास्त्रशुद्ध शोधलंय. पण ताज्या मेलेल्या माणसाची घटकाभर चौकशी करायला कुणी तयार नाही! तात्यांनी गावच्या ग्रुपवर टाकलं, "आपला संपत संपला." (नाव ठेवताना आईबापांनी जरा विचार करायला हवा होता.) माझ्या मोबाईलवर कुणी फोन करून बघितला नाही का? बघितला की! पण कंपनीत फोन गेटवरच्या कपाटात जमा करावा लागतो. तो तिथं वाजून वाजून मलूल झाला, आणि उचलत नाही म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली.

इकडं शिरूरला माझी शाबासकी चालली होती. डॉक्टरांनी वेळ बघितली, साहेबांनी हात मिळवला, चहा झाला आणि ड्रिल संपलं. साहेब त्यांच्या गाडीतून गेले. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरनं मला कोपऱ्यावर वडापाव खाऊ घातला आणि मला कंपनीत परत सोडणार, तेवढ्यात त्याला खऱ्या पेशंटचा फोन आला.

"तुम्ही या मागनं," म्हणाला आणि पसार झाला.

आता मी रस्त्यावर. खिशात पाकीट नाही, हातात फोन नाही, डोक्यावरून रक्त गळतंय. जीपला हात केला. जीपवाल्यानं वेग वाढवला. रिक्षावाल्याकडं गेलो, तो म्हणाला, "मला पोलिसाच्या लफड्यात पाडू नका." एका कॉलेजच्या पोरीनं दया येऊन तिचा मोबाईल दिला. पण नंबर पाठ कुणाचे असतात हल्ली? मला एकच पाठ होता. माझा. तो लावला. लागला! बराच वेळ वाजला. मी उचलला नाही.

तात्यांनी मामाला फिरून फोन लावून दवाखाना तेवढा बरोबर विचारून घेतला होता, त्यामुळं आमची माणसं तोवर हॉस्पिटलात येऊन थडकली होती. एक जीप, तिच्यात गाव. शिवाय वाटेत पंक्चर होऊन अडकलेला मामाचा टेम्पो. आबा पुढं, आईला दोन बायकांनी धरलेलं. मामानं काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "बाई, संपत नावाचा पेशंट… कंपनीतला…"

ती कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हणाली, "ते ना? गेले ते मघाशीच."

आईनं किंकाळी फोडली. मामानं कपाळ बडवून घेतलं. आबांनी फक्त खांब धरला.

"जाताना… लई तरास झाला का वो?" मामानं कसंबसं विचारलं.

"त्रास कसला? चहा प्यायले आणि गेले."

"चहा पिऊन गेला गं आक्का!" मामा आईच्या गळ्यात पडला. "शेवटचा चहा तरी मिळाला म्हणायचा!"

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी रस्त्यावर दोन सज्जन माणसांच्या तावडीत सापडलो होतो. त्यांनी माझी अवस्था बघितली आणि मला दोन्ही दंडांना धरून उलट हॉस्पिटलकडंच चालवलं.

"अहो, मला काही झालेलं नाही! हा साखरेचा पाक आहे!"

"डोक्याला मार बसल्यावर असं बोलत्यात," त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला.

हॉस्पिटलच्या आवारात आलो तर रडारड चाललेली. गर्दीच्या मागं उभं राहून मी एकाला हळू आवाजात विचारलं, "कोण वारलं हो?"

"इनामगावचं पोरगं. कंपनीत व्हतं."

मला फार वाईट वाटलं. गावातलं आणि आपल्याला पत्ता नाही! "कुणाचं पोरगं?"

"त्या तिथं खांबापाशी बसल्यात ना, त्यांचं."

मी टाचा उंच करून बघितलं. खांबापाशी आबा बसले होते. ज्या आबांना मी कधी सुस्कारा टाकतानाही बघितलं नव्हतं, ते टोपी हातात घेऊन ती उगाच उलटसुलट करीत होते.

"आबा!" मी ओरडलो. "आबा, मी हाय!"

गर्दी दुभंगली. आई वळली. तिनं मला आधी छातीशी धरलं, मग एक मुस्काटात दिली, आणि पुन्हा छातीशी धरलं. बबनमामा मात्र चार पावलं मागं सरला. "आक्का, आधी त्येचं पाय बघ! सरळ हायत का उलटं?"

आबा उठले. जवळ आले. माझ्या कपाळावरून बोट फिरवलं, रक्त बघितलं, आणि बोट जिभेला लावलं.

"ग्वाड हाय," ते म्हणाले आणि टोपी डोक्यावर घातली. डोळे पुसले ते मात्र त्यांनी पाठ फिरवून.

मी सगळ्यांना ड्रिल समजावून सांगत होतो तेवढ्यात दौंडहून गाडी आली. मनीषा उतरली ती अनवाणीच. मागून सासरे तिच्या चपला घेऊन. ती धावत आली, मला बघितलं, थांबली. वर रक्तानं माखलेलं तोंड, खाली कुणीतरी माझ्या हातात दिलेलं केळं. बाजूच्या बायकांनी तिला काय ते सांगितलं. तिचं तोंड रडण्यासाठी वाकडं झालं होतं. ते तसंच अर्ध्यात थांबलं आणि दुसरीकडं वळलं.

"माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला रजा न्हाई," ती म्हणाली, "आन् मरायला बरी मिळाली!"

मी म्हणालो, "अगं, ही रजा नाही, ड्युटीच होती."

"मग ड्युटी झाली आसंल तर चला घरी. आन् आंघोळ करा आधी, माश्या बसाय लागल्यात."

तर अशी बायको परत आली. मला बरं वाटलं. रात्री जेवण झाल्यावर मी गावचा ग्रुप उघडला, तर काय सांगू! "मनमिळाऊ", "कष्टाळू", "गावाचा हिरा", "पोकळी भरून न येणारी"! ज्या माणसाशी बांधावरून माझं वर्षानुवर्षं बोलणं नाही, त्यानंही लिहिलं होतं, "असा शेजारी होणे नाही." मी कौतुकानं मनीषाला दाखवलं. "बघ, लोक काय म्हणतात माझ्याबद्दल!"

"लोकांना काय जातंय?" ती भांडी आवरत म्हणाली. "त्यांना तुमच्याबरुबर ऱ्हायचंय थोडंच?"

आणि मी बघता बघता एकेक मजकूर नाहीसा व्हायला लागला. मी जिवंत असल्याचं कळताच लोकांनी माझे गुण परत घ्यायला सुरुवात केली होती!

फ्लेक्स मात्र परत घेता आला नाही. तरुण मंडळानं दुपारीच छापायला टाकला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली लग्नातला गॉगल घातलेला माझा फोटो, चांगला दारभर उंच. आणला आता तर करायचं काय? आबा वस्तू वाया घालवणाऱ्यातले नाहीत. त्यांनी तो कांद्याच्या ढिगावर टाकायला घेतला.

आता आभाळ भरून आलं की आबा ओसरीतून ओरडतात, "आरं पळा, संपतला आडवा करा कांद्यावर!" आणि कापड खरंच दणकट आहे, अख्ख्या पावसाळ्यात एक कांदा नासला नाही. आबा आल्या-गेल्याला अभिमानानं सांगतात की, संपतचा घराला असा उपयोग पहिल्यांदाच झाला.