पायाला तिकडचा चिखल

शेजारच्या कोळंबीच्या तळ्यांवरचा हा माणूस तळाचा चिखल चिमटीत चोळून हुंगतो, मगच बोलतो. "वाईट जंतू असायचेच रे. चांगल्यांची वस्ती दाट ठेवायची, म्हणजे वाइटांना जागा मिळत नाही." रोज सकाळी माझ्या तळ्यावर येतो आणि चहासुद्धा हुंगूनच पितो.

रोग आला की आमच्याकडे लोक गप्प बसतात आणि ओहोटीबरोबर तळ्याचं पाणी खाडीत सोडून देतात; तेच भरतीला दुसऱ्यांच्या तळ्यांत शिरतं. परवा त्याची कोळंबी मरायला लागली, तर हा रस्त्यावरूनच ओरडला, "माझ्याकडे रोग आलाय! पाणी अडवून धरलंय मी. तुझं जाळं काल माझ्याकडे वापरलंय, तुझ्या तळ्यात घालू नको हां!"

"आत तरी ये."

"नको. पायाला तिकडचा चिखल आहे."

मीच चहा रस्त्यावर नेला. त्या दिवशी त्याने तो हुंगला नाही.