गुलाबी नमुना

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अमरावतीच्या ज्या खाजगी रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन होते, तिथे आम्हा दोघींना एक वाईट खोड लागली होती. मी आणि मोर्शीहून आलेली माझी सहकारी. सकाळी वॉर्डातून रक्ताच्या नळ्या यायच्या. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच अशा चार-पाच तपासण्या लावायच्या; आकडे जितके चढे, तितका धोका जास्त. आकडे बाहेर आले की आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि जो पेशंट वाचणार नाही असं वाटायचं, त्याच्या नंबरापुढे रजिस्टरात पेन्सिलीचं बारीक टिंब द्यायचो. पेशंट घरी गेला की टिंब खोडायचं. आमचे अंदाज बरेचदा खरे ठरायचे, आणि खरं सांगते, मला त्याचा थोडा गर्व चढला होता. डॉक्टर राउंडला निघायच्या आधीच मला सगळं कळलेलं असायचं.

मग माझेच बाबा आले. अकोल्यात बेड मिळाला नाही म्हणून धाकट्या भावाने त्यांना माझ्याकडे आणलं. बाबा अकोल्याच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि तिरसट. त्यांना खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात, पार्किंगकडच्या खिडकीजवळ ठेवलं. नाकातोंडावर तो घट्ट बसणारा मास्क लावला, ज्यातून यंत्र जोराने हवा आत ढकलतं. "हा काढायचा नाही. यांचं सगळं या मास्कवर आहे," असं फिजिशियननी मला बजावलं होतं.

त्या दिवसांत माझा पाय एका जागी ठरत नव्हता. लॅबमध्ये असले की वॉर्डात जावंसं वाटायचं, वॉर्डात गेले की वाटायचं मशीनमधून रिपोर्ट निघाला असेल. चहाचा कप कुठेतरी ठेवायचे आणि दुसरा मागवायचे. बाबांचे आकडे रोज थोडे थोडे चढत होते. सहकारी म्हणाली, "ताई, तुमी बाबांचे रिपोर्ट पाहू नका, मी पाहतो." मी तिच्यावर खेकसले. मी नाही पाहणार तर कोण पाहणार?

आठव्या दिवशी सकाळी बाबांचं रक्त मीच घ्यायला गेले. एरवी ते काम सिस्टरचं, पण तिला बाबांची शीर सापडत नव्हती. दोन्ही हात टोचून टोचून निळे पडलेले. पीपीई किटमध्ये मला घाम फुटलेला, चष्म्यावर वाफ साचलेली. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा मनगटाजवळ बारीक सुई घातली, रक्त येईना म्हणून सिरिंज जोरात ओढली. बाबा मास्कमधून म्हणाले, "बस झालं ना बाई, नको आता." कसंबसं नळीभर रक्त मिळालं आणि मी पळाले.

मशीनमध्ये फिरवल्यावर नळीत वर जे पाणी सुटतं, ते पिवळसर हवं. बाबांचं गुलाबी निघालं. असा नमुना चालत नाही. सुई बारीक असली, रक्त जोरात ओढलं की पेशी फुटतात, त्यांच्यातला माल पाण्यात उतरतो आणि एलडीएच खोटाच वर जातो. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. गुलाबी नळी आली की मी वॉर्डात फोन करून सिस्टरला झाडायचे, "पुन्हा घ्या!" आणि नळी फेकून द्यायचे. वीस वर्षांत एकदाही सोडलं नव्हतं. धारणीहून जीपमध्ये घालून आणलेल्या एका म्हाताऱ्याला तर मी त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा टोचायला लावलं होतं. पण बाबांना पुन्हा टोचायचं माझ्याने होईना. मी ती नळी मशीनला लावली.

सीआरपी जवळपास कालइतकाच होता. एलडीएच मात्र कालच्या दुपटीहून वर. शेऱ्याच्या रकान्यात "नमुना खराब" लिहायला हवं होतं, मी तो कोरा सोडला. कागदावरचा आकडा पाहिला आणि माझी सगळी विद्या गळून पडली. नमुना गुलाबी होता हे मला दिसत होतं, तरी मनात एकच चाललं होतं, बाबा चालले. रजिस्टर ओढलं आणि त्यांच्या नंबरापुढे टिंब दिलं. मग जिन्यात जाऊन भावाला फोन लावला.

"आईले घेऊन ये," मी म्हणाले.

"कावून? काय झालं, ताई?"

"विचारू नको. उद्या सकाळी घेऊन ये. लांबून तरी पाहून घेईल."

त्याने त्याच दिवशी प्रवासाचा पास काढला, रस्त्यातली नाकी ओलांडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन पार्किंगमध्ये हजर झाला. आईला आत सोडणं शक्य नव्हतं. ती उन्हात खिडकीच्या काचेपाशी उभी राहिली, पदर नाकातोंडावर दाबून. मी आत बाबांच्या उशाशी होते. बाबांनी तिला पाहिलं आणि हात वर केला. मग तो हात तसाच मास्ककडे नेला आणि मास्क खाली ओढला.

"तुयी माय कावून आली?"

"भेटाले आली, बाबा. मास्क लावा."

"खोटं नको बोलू. कोर्टात जनम गेला माया. निकालाच्या दिवशीच सारं घर येते." त्यांना धाप लागली. "निकाल लागला ना? मंग हे कायले तोंडाले बांधून ठेवता?"

त्यांनी मास्क लावू दिला नाही. सिस्टरने लावला की काढायचे. दलिया परत पाठवला. यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली यायला लागला आणि मी वॉर्डाच्या दारात येरझारा घालत राहिले. काल जे भाकीत मी कागदावरून केलं होतं, ते आता माझ्या डोळ्यांदेखत खरं व्हायला निघालं होतं.

दुपारी फिजिशियननी मला बोलावलं. त्यांच्या हातात कालचा रिपोर्ट होता. "बाकी सगळं जागच्या जागी आणि एलडीएच एकटाच कसा उडाला? नमुना कसा होता?"

"आठवत नाही सर," मी म्हणाले.

त्यांनी शेऱ्याच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. मला स्वतःचा इतका संताप आला की रडू फुटलं. "गुलाबी होता, सर. मीच घेतला होता. मीच लावला." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "पुन्हा घ्या. आणि आधी त्यांना मास्क लावायला लावा."

मी वॉर्डात गेले. मला चूक कबूल करायची सवय नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे. बाबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाबा, माझं चुकलं. कालचा रिपोर्ट खोटा आहे. रक्त खराब निघालं होतं, ते फेकायचं होतं. तुमाले पुन्हा टोचवलं नाई म्हणून मी तसंच लावलं."

त्यांनी डोळे उघडले. "म्हणजे मी मरून नाई राहिलो?"

"ते मले नाई माहीत, बाबा. कोनाले नाई माहीत."

"अन् तुनं तुया मायले इथवर आनलं?"

"हो."

"तिले सांगतलं का, रिपोर्ट खोटा हाय म्हून?"

"नाई अजून."

"मंग इथी काय करून राहिली व? सकाळपासून उन्हात बसली असन ते. पयले तिले सांग. मंग ये अन् टोच. दुसऱ्याच्या बापाले टोचतं तशी टोच." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मास्क वर ओढला.

आई गाडीत मागच्या सीटवर बसली होती, दोन्ही दारं उघडी टाकून. मी दूर उभी राहून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू शिकली कायले व मंग?" मग ती हमसून हमसून रडायला लागली, आणि मला जवळ जाऊन तिच्या पाठीवर हातही ठेवता येईना.

त्या दुपारचं रक्त मी जाड सुईने, कोपराजवळून, घाई न करता घेतलं. पाणी पिवळं निघालं. एलडीएच चढा होता, पण आदल्या दिवसांच्या मानाने थोडा उतरलेला. मी टिंब खोडलं. कागद जरा फाटला. पुढे आम्ही दोघींनी कोणाच्याच नंबरापुढे टिंब दिलं नाही. आकडे शंभर माणसांबद्दल काहीतरी सांगतात, खाटेवरच्या एका माणसाबद्दल छातीठोकपणे नाही, हे मी शिकायला येणाऱ्या पोरींना आता सांगते. तेव्हा मात्र मी बाबांना घरी सोडेपर्यंत रोज त्यांचा रिपोर्ट तीनतीनदा वाचायचे.

दोन आठवड्यांनी बाबांना सुट्टी मिळाली, आणि आई-भाऊ न्यायला आले तेव्हा त्यांना वॉर्डाबाहेरच्या खोलीत आणलं होतं. ते पार वाळले होते. रुग्णालयाचे कपडे काढून ठेवायचे होते आणि घरून कपडे आणायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. आईने भावाला गाडीतून एक पिशवी काढून आणायला सांगितली. पिशवीत कोरं पांढरं धोतर आणि कोरा पांढरा सदरा होता, दुकानातली टाचणीसुद्धा तशीच.

"हे नवे कावून?" बाबांनी विचारलं.

"हिनं बलावलं त्या दिवशी संगं आनले व्हते," आई म्हणाली. "गाडीतच राह्यले."

बाबांनी सदऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. बाबांनी एकेक बाही घातली, पण बटण काजात जाईना.

"लावून दे," ते मला म्हणाले.

मी खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली आणि एकदाही मान वर केली नाही.