मधुवंतीचं बोट

बेलापूरच्या नारायणरावांनी, म्हणजे अण्णांनी, मुलीला रागाचं नाव दिलं आणि ती पहिलीत जाताच तिच्या बोटात सतारीची नखी घातली. शाळेत संस्कृत शिकवून घरी आले की ते तिला समोर बसवत. पुढे मधुवंतीनं नगरला सावेडीत स्वतःचे वर्ग काढले, मैफली मिळू लागल्या. अण्णांना समाधान असावं; तसं ते बोलत नसत.

तिशी उलटल्यावर एका संध्याकाळी सतारीवर द्रुत लयीतला झाला वाजवताना तिच्या उजव्या हाताची तर्जनी आपोआप आत वळली. तिनं सरळ केली, ती पुन्हा वळली. पोळ्या लाटताना, स्कूटर चालवताना बोट शहाण्यासारखं वागायचं. सतार मांडीवर आली की आखडायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हात ठणठणीत आहे. इतकी वर्षं तीच बारीक हालचाल केलीत, मेंदूत तिचा गोंधळ झालाय. औषधानं फरक पडेलच असं नाही."

अण्णांना सांगायचं तिला धाडस झालं नाही. तिनं दिल्लीहून अफगाणी रबाब मागवला. त्याची नखी चिमटीत धरतात, आघात मनगटातून येतो. तर्जनीला एकटीला काम नाही. रबाब छान वाजला. मग मात्र धास्ती सुरू झाली. वाजवता वाजवता नजर बोटावर जायची आणि ते जरासं हललं तरी ती वाद्य खाली ठेवायची. म्हणून तुर्की साझ आला, मग अरबी ऊद. पाथर्डीच्या अजिनाथ नावाच्या गोसाव्यांकडे जाऊन ती किंगरी हे लोकवाद्य शिकली, कारण किंगरीचा गज मुठीत धरता येतो. एक वाद्य हातात बसेपर्यंत दुसऱ्याची चौकशी सुरू. आपण शिकतोय की पळतोय, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

लोकांना मात्र नवल वाटलं. देशोदेशीच्या तंतुवाद्यांचे तिचे कार्यक्रम होऊ लागले, वर्गात विद्यार्थी मावेनात. अशाच एका कार्यक्रमाला अण्णा एसटीनं आले. संपल्यावर म्हणाले, "सगळ्यांच्या घरी पाहुणी म्हणून छान वागतेस. राहतेस कुठे?"

"सतारीचा कंटाळा आला, अण्णा."

ते न जेवताच परत गेले. त्यानंतर फोनवर त्यांनी सतारीचा विषय काढला नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

गेल्या हिवाळ्यात संगमनेरजवळच्या अकोले गावात एका कॉलेजात ऊद वाजवताना बोट वळलं. नखी सुटून मंचावर पडली. तिनं ती उचलली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा सुटली. तिनं हात जोडले आणि उठली. ती नगरच्या गाडीत बसली, पण संगमनेरला उतरून बेलापूरला गेली आणि ओसरीवरच अण्णांना सगळं सांगून टाकलं.

"वाजवून दाखव," ते म्हणाले.

त्यांची सतार तिनं घेतली. बोट आत गेलं.

"पुन्हा."

पुन्हा तेच.

"लक्ष नाहीये तुझं. रियाज सुटलाय. पुन्हा."

तिनं नखी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "हे रियाजानं बरं व्हायचं नाही, अण्णा. रियाजानंच झालंय."

अण्णांनी ती नखी सतारीच्या तारांत अडकवली. म्हणाले, "आणि मला कंटाळा सांगितलास." आवाजात राग नव्हता. मग त्यांनी तिचा हात ओढून घेतला आणि ते बोट लहान मुलाचं चोळावं तसं चोळत राहिले.

आता दर शनिवारी ते सावेडीला येतात आणि तिच्या विद्यार्थ्यांना सतार शिकवतात. तिनं उदाच्या तारा उलट्या क्रमानं बसवल्यात. नखी डाव्या हातात, सूर उजव्या हाताच्या बोटांनी दाबायचे; तर्जनीला हे काम नवं, त्याचा गोंधळ अजून झालेला नाही. म्हणजे सगळंच पहिल्यापासून.

"ऊद म्हणजे मला धुपाटण्यातलाच माहीत," अण्णा पहिल्या दिवशी म्हणाले. "आणि सतारीसारखे पडदे कुठायत याला? बोट ठेवायचं कुठे?"

"ऐकून शोधायचं."

"मग शोध की. गंधार चढलाय."

चढलाच होता. ती उठते, खिडकीशी जाते, पाणी पिते, परत येऊन बसते. हा डावा हात तरी किती दिवस ऐकेल, कुणास ठाऊक. अण्णा घड्याळात बघतात. त्यांच्या गाडीला अजून अवकाश आहे. ती वाद्य मांडीवर घेते आणि गंधार जरा खाली आणते.