जगदेवीचा हात रेघेला लागला तव्हा

नेपाळकडून हरलो हे कुणाला टोचलं, तर ज्यानं जिंदगीत रग्बी लीगचं नाव ऐकलं न्हाई त्याला. बॉल गोल असतो का लांबुळका हेबी ज्याला ठाऊक न्हाई, तो पानटपरीवर उभा राहून दात काढतो, "गुरख्याच्या पोरींनी आपटलं की हो आपल्या जगदेवीला!" आरं मुडद्या, तुला घरची शेरडी तरी धरता येती का?

मी वर्षाराणी, जगदेवीची थोरली भावजय. मी लग्न होऊन या घरात आले तव्हा ती शाळेत होती, आन तिचे गुडघे बारा महिने फुटलेले असायचे. सासूबाई म्हणायच्या, "हिला कोण करून घेणार गं माय?" त्यांना तिच्या लग्नाचा घोर, तिला कबड्डीचा. पुढं ती लातूरला दाळमिलात कामाला लागली. सकाळच्या एसटीनं जायची आन संध्याकाळी आली की तोंडावर पाणीसुद्धा न मारता मैदानावर पळायची. चहा थंड व्हायचा, मी शिव्या घालायचे, तिला त्याचं काही न्हाई.

मैदान म्हणजे आमच्या गावाबाहेर, औशाकडं जाणाऱ्या हायवेच्या कडंला असलेली जत्रा कमिटीची पडीक जागा. बाभळी, काचा, दारूच्या बाटल्या. जगदेवीनं एका उन्हाळ्यात ती साफ केली. एकटीनंच म्हणा. मी शेवटी टोपलं धरलं ते तिची कीव आली म्हणून. तळ्यातला गाळ आणून पसरला, पाणी मारून चोपला, फक्कीच्या रेघा मारल्या. मग एकेक पोरगी यायला लागली. ज्यांना घरात मोठ्यानं हसू देत न्हाईत त्या पोरी तिथं कबड्डी कबड्डी म्हणत घुमायच्या. जगदेवी त्यांना एकच गोष्ट सांगायची, "सगळ्यांनी मिळून धरलं तरी दम सोडायचा न्हाई. सरकत राहायचं. मधल्या रेघेला बोट लागलं की धरणाऱ्या साऱ्या बाद, तू जित्ती." आन ती ते करून दाखवायची. चार पोरी अंगावर घेऊन मातीतून सरकायची, तोंडात माती गेली तरी हात पुढंच.

हायवे रुंद झाला आन त्या जागेवर भीमाशंकरअप्पाची नजर गेली. अप्पा म्हणजे जत्रा कमिटीचे अध्यक्ष. रोडवर गाळे काढायचे म्हणून बोलू लागले. जगदेवी गेली त्यांच्या वट्ट्यावर. त्याच दिवसांत रग्बी लीगच्या भारताच्या संघात तिची निवड झाली होती. नांदेडला शिबिर झालं, तिथं रग्बीवाल्यांनी कबड्डीच्या पोरी हुडकून घेतल्या, कारण ह्या पोरींची पकड पक्की. अप्पानं चार माणसांसमोर सांगितलं, "नेपाळला हरवून ये पोरी. जागा कायमची मुलींची. ही माझी जबान हाय."

जगदेवीनं ते खरं धरलं. एवढी धडधाकट पोरगी, पण मनानं लेकरूच.

दुसऱ्याच दिवशी चौकात डिजिटल बॅनर लागलं. अप्पाचा फोटो गाडीच्या चाकाएवढा, जगदेवीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. खाली लिहिलेलं, गावच्या कन्येला शुभेच्छा.

सामना नेपाळात होता. टीव्हीवर न्हाई, फोनवर दिसणार होता. मी माझा फोन घेऊन पोरींसंगं मैदानावरच जाऊन बसले. खेळ मला कळत नव्हता, पोरी सांगत होत्या. दोन्हीकडं तेरा तेरा जणी, बॉल काखेत घेऊन पळायचं, रेघेपल्याड जमिनीला टेकवला की गुण. आडवं पाडलं, बॉल धरलेला हात भुईला लागला, की थांबायचं. उठायचं, बॉल टाचेखालून मागं द्यायचा, मग पुन्हा खेळ.

आन त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दोन माणसं टेप धरून मोजत होती. एकजण मापावर फक्की टाकत होता. मी हाळी दिली, "काय मोजताव ओ?"

"जत्रेचा मांडव, वहिनी."

जत्रा सहा महिने लांब होती. पण तेवढ्यात पोरी किंचाळल्या आन मी फोनात डोकं घातलं.

दोन गुणांनी मागं होतो. वेळ सरत आली होती. जगदेवीच्या हातात बॉल आला, आन अगं माय, काय सुटली ती! एकीला झुकांडी दिली, दुसरीला खांद्यानं उडवलं. रेघ समोरच होती. तेवढ्यात तिघींनी तिला कंबरंत, पायाला धरलं. पडली. बॉलाचा हात भुईला लागला. रेघ राहिली हातभर.

तिथं थांबायचं होतं. पण ती सरकली. लहानपणापासून जे अंगात भिनलं तेच केलं तिनं. तिघींना ओढत, मातीत छाती घासत हात लांब केला आन बॉल रेघेवर टेकवला. हितं आमच्या पोरी उड्या मारायला लागल्या, मी एकीला मिठी मारली. तिकडं पंचानं हात हलवला. गुण न्हाई. उलट चूक धरली आन बॉल नेपाळला दिला. जगदेवी उठून पंचाकडं बघतच राहिली. जिनं तिला पाडलं होतं त्या नेपाळी पोरीनंच तिला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला. आपल्या गावात तेवढंबी कुणी केलं न्हाई, सांगून ठेवते.

जगदेवी लातूरहून एसटीनं गावात आली. उतरली तर चौकात डिजिटल न्हाई. मैदानावर गेली तर खड्डे खणलेले. शिमिटाची पोती रचलेली आन त्यांच्यावर तेच डिजिटल झाकलेलं, तिच्या फोटोवर दगड. अप्पा खुर्ची टाकून बसलेले.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही जबान दिली होती."

"दिली होती की," अप्पा म्हणाले. "मी जबान दिली, तू जिंकायचं होतं. तुला जमलं न्हाई पोरी, मी काय करू?"

आन ही खाली मान घालून घरी आली! मी असते तर त्या खुर्चीसकट त्याला खड्ड्यात लोटला असता.

आठ दिवस ती धड जेवली न्हाई. पोरी दारात येऊन उभ्या राहायच्या, ती आत जाऊन बसायची. मला बघवंना. एक दिवस ताट वाढलं आन सांगून टाकलं, "जगदेवी, ऐक. तू जिंकली असतीस तरी जागा गेलीच असती. तू तिकडं खेळत होतीस तव्हाच हितं गाळ्यांच्या रेघा पडत होत्या. मी ह्या डोळ्यांनी बघितल्या. मांडव म्हणाले मला. खड्डे त्याच रेघांवर खणलेत, जाऊन बघ. तुझी चूक काडीची न्हाई."

मला वाटलं, आता रडंल, मोकळी होईल, अप्पाला चार शिव्या घालंल. तर ती माझ्यावरच उखडली.

"वहिनी, हे पुन्हा बोलू नका. कुणापुढं बोलू नका. माझ्या हातानं गेली जागा."

"अगं पण का? त्या थेरड्याचं पाप तू कशाला घेतीस?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला न्हाई.

"माझ्या चुकीनं गेली असंल तर कधी तरी जिंकून परत मागता येईल. पण तुम्ही म्हणताव तसं असंल, तर त्या मातीत मी कुणासाठी सरकत होते, वहिनी?"

माझं तोंड कुणी बंद करू शकत न्हाई, सारं गाव सांगंल. पण त्या दिवशी बंद झालं ते झालंच. आता गाळ्यांना शटर लागलेत, आन पानटपरीवाला बी तिथंच आलाय. त्याच्यासमोरून जगदेवी रोज एसटीला जाती, खाली मान घालून. आन खरं ठाऊक असून मी गप हाय.