दादाला मारलेली हाक

आमच्या घरातले पुरुष ऊद व्हायचे. ऊद म्हणजे पाणमांजर. श्रीवर्धनच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा होता, आणि तिथल्या तीन-चार घरांत हे असं होतं. आजोबा तर जाळं खडकात अडकलं की ऊद होऊन खाली जात आणि सोडवून येत. त्याचं कुणाला नवल नव्हतं. नियम एकच. पालटलेल्या माणसाला आठ दिवसांच्या आत घरच्या कुणीतरी पाण्याकाठी उभं राहून हाक मारायची. त्याहून जास्त राहिला तर त्याची भाषा जाते, असं म्हणत. कुणाची गेलेली मी तरी पाहिली नव्हती.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याला होडीचा कंटाळा, म्हणून तो मुंबईला गिरणीत लागला, कापूस पिंजायच्या खात्यात. चार वर्षांनी आगबोटीने परत आला तेव्हा बाबांनी त्याला पडावातून उचलूनच किनाऱ्यावर आणला. खोकला थांबत नव्हता. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, आईला म्हणाले, दूध द्या, अंडी द्या. बाबांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते बाबा घरी कधी बोलले नाहीत.

एक दिवस दुपारी दादा खाडीत उतरला आणि पालटला. संध्याकाळी आईने हाक मारली तसा वर आला, अंग पुसलं आणि म्हणाला, "आये, तिथं खोकला न्हाय."

मग तो रोजच जाऊ लागला. आधी तासभर, नंतर दिवसभर. पाण्यात पाठीवर पडून दोन्ही हातांत बोयट मासा धरून खायचा. माणूस झाला की खोकला जिथे सोडला होता तिथूनच पुढे सुरू व्हायचा. भाद्रपदात रक्त पडायला लागलं. तेव्हा तो आईला म्हणाला, "आता मला हाक मारू नको."

"आठ दिस उलटलं तर तू आमाला वळखणार न्हाईस."

"नसंल वळखत. जिता तरी राहीन."

बाबा जाळं विणत होते. वर न बघता म्हणाले, "जाऊ दे त्याला."

आठव्या दिवशी आई पाण्यापर्यंत गेली, पदर तोंडात कोंबून तशीच परत आली.

त्यानंतर दीड वर्ष तो खाडीत होता. गळ्याखाली पांढरा ठिपका होता, त्यावरून ओळखू यायचा. उदांनी जाळी फाडली तर वाड्यातली माणसं काठ्या घेऊन धावत, पण याच्या वाटेला कुणी गेलं नाही. बाबांनी घरोघर जाऊन सांगून ठेवलं होतं. आई दगडावर मासळी ठेवायची. तो यायचा, न्यायचा. आईकडे बघायचा ते खुंटाकडे बघावं तसं.

मला चौदावं लागलं आणि थळच्या घरी माझं लग्न ठरलं. लग्नात कानपिळी असते; नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो. तो मान चुलतभावाला द्यायचं ठरलं. विहिरीवर बायका बोलल्या, "सख्खा असून पाठीशी न्हाय, बिचारी." मला ते फार लागलं. मी मनाशी म्हटलं, दीड वर्ष छातीला आराम मिळालाय, एव्हाना बरी झाली असेल. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण ते खरं नाही हे मला कुठेतरी माहीत होतं.

आई बांगड्या आणायला बोर्ली पंचतनच्या बाजाराला गेली होती. भर दुपार, ओहोटी. मी चिखलात उभी राहिले आणि "दादा" अशी हाक मारली. तिसऱ्या हाकेला तो आला. पालटायला त्याला फार वेळ लागला, कसं करायचं ते विसरल्यासारखा. शेवटी चिखलात एक हाडकुळा माणूस पडला होता. मी त्याच्या अंगावर बाबांचं धोतर टाकलं. "दादा, मी," म्हटलं. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग खोकला.

आई परतली तेव्हा तो चुलीपाशी बसून कच्चा मासा खात होता.

"कोनी हाक मारली?"

"मी."

तिने बांगड्या खाली ठेवल्या. बाबांना म्हणाली, "न्या त्याला परत."

तीन दिवस बाबा त्याला खाडीवर नेत होते. तो गुडघाभर पाण्यात कुडकुडत उभा राहायचा. त्याला पालटता येईना, आणि बोलताही येईना.

लग्नात त्याला नवी टोपी घालून मांडवात बसवलं. चुलतभावाने त्याचा हात धरून नवऱ्याच्या कानाला लावला. बायका हसल्या, कुणी गाणं म्हटलं. खोटं कशाला सांगू, तेवढा क्षण मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी मचव्यातून थळला आले. अकराव्या दिवशी निरोप आला, दादा गेला.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईला विचारलं, "काय बोलला का गं?"

"न्हाय," आई म्हणाली. "पानी मागत व्हता का काय, मला कळलं न्हाय." आणि माझ्या ताटात भात वाढला.

पुढे आई बरीच वर्षं जगली. मला एका शब्दाने बोलली नाही. माहेरी गेले की मी वाट बघायची, आज बोलेल. ती भात वाढायची, मुलांची चौकशी करायची. आता बोलायला तीही नाही.