नव्या पिकअपचं कुलूप

जुन्या पिकअपची किल्ली काढली की आमचे हे स्टीअरिंग जरा पिळायचे. खट् आवाज येऊन कुलूप बसायचं. नव्या गाडीला किल्लीच लावायची नसते, नुसतं बटण.

काल भर दुपारी बाजाराबाहेर यांनी इंजिन बंद केलं. शेजारी बसून मी सहज स्टीअरिंगवर हात ठेवला होता. हे दार उघडून उतरले आणि आतून कुणी धरून ठेवावं तसं ते माझ्या हाताखाली घट्ट झालं.

"तुम्ही लॉक केलंत?"

"छे! दार उघडलं की तीच करते."

मी पटकन हात काढून घेतला. वस्तू आपलं ऐकतात, यातच केवढा धीर असतो! हिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

हे परतले. बटण दाबण्याआधी स्टीअरिंग थोपटत हळूच म्हणाले, "सोड गं आता."

माझे हात केव्हाचे मांडीवर होते.