दसऱ्याच्या गाडीतला पितळी गडू

मंडळी, हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आज दसरा, म्हणून थोरल्या काकूला, आमच्या मोठीआईला, तिच्या भावाकडे नागपूरला न्यायचं होतं. सकाळी सेलूजवळच्या आमच्या लहानशा स्टेशनावर धुकं होतं. दीक्षाभूमीला निघालेल्या, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायांनी फलाट भरला होता.

मोठीआईनं माझा दंड घट्ट धरला. "छप्पन साली बी अशाच उभ्या होत्या रे. मी लहान होती. अंगावर विधवेचं पांढरं अन् कपाळावर कुंकू पाहून माय भेली. म्हणे, ह्या जित्या बाया नाईत. मले लई तहान लागलती. एकीनं पान्याचा गडू पुढं केला, तं मायनं माहा हात मागं ओढला. मोठी झाल्यावर समजलं, ते भेव नोतं. तो विटाळ होता."

बोलता बोलता तिला ठसका लागला. गर्दीतून एक हात पुढे आला, हातात पितळी गडू. "घे माय, पानी पे."

मोठीआई घटाघटा प्यायली. तेवढ्यात गाडी आली, सगळे चढलो, गडू आमच्याकडेच राहिला.

डबाभर विचारत फिरलो. प्रत्येकीजवळ प्लास्टिकची बाटली होती. एक म्हातारी म्हणाली, "असा गडू माह्या आजीजवळ होता. आता कोन वापरते?"

दुपार झाली, नागपूरला तिच्या भावाच्या घरी पोचलो, तरी रिकामा गडू अजून बर्फासारखा गार आहे. मोठीआई तो मांडीवर घेऊन शांत बसली आहे. म्हणते, "ओळखलं तिनं मले."

तुम्हीच सांगा, हा गडू मी कोणाला परत करू?